रोजा धरताना, रोजा सोडताना

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातलं. आमच्याकडचे बहुतेक सगळे हनफी आणि कोकणातले मुसलमान शाफई, म्हणजे सुन्नी मुसलमानांच्या धर्माचरणाच्या दोन वेगळ्या रीतींचे. लग्न ठरताना यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मानपान, हळद, बिर्याणी मटणाची की कोंबडीची यावर मात्र दोन बैठका झाल्या. फरक कळला तो पहिल्या रमजानमध्ये. तराबीची, म्हणजे रमजानमधली रात्रीची जास्तीची नमाज आटोपून मी अंथरूण घालत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "उद्याची नियत केलीस का गं?"

माहेरी नियतीचा, म्हणजे रोजा धरण्याच्या मनातल्या संकल्पाचा, एवढा गाजावाजा नसायचा. पहाटे उठून दोन घास खाल्ले, पाणी प्यायलो, की तीच नियत. हनफी रीतीत रमजानच्या रोज्याची नियत रात्री राहून गेली आणि पहाटेपासून तोंडात काही घातलेलं नसलं, तर दुपार होण्याआधीही करता येते. शाफईंकडे तसं नाही. फर्ज म्हणजे सक्तीच्या रोज्याची नियत सूर्य मावळल्यापासून पहाट होईपर्यंतच्या वेळातच हवी आणि तीही प्रत्येक रात्री वेगळी. त्यामुळे आमच्या घरात तराबीनंतर सासूबाईंची हजेरी असते: नवरा, दीर, जाऊ, मी. मला हे जाचक वाटेल असं वाटलं होतं. उलट सवय लागली. रात्री निजताना मनाशी "उद्या रमजानचा फर्ज रोजा" म्हटलं की दुसऱ्या दिवसाचं निम्मं काम झालेलं असतं. तोंडाने म्हणायलाच हवं असंही नाही, मनाचा निश्चय पुरतो. सासूबाई मात्र मोठ्यानेच म्हणायला लावतात.

असे बारीकसारीक फरक मग सापडतच गेले. मिस्वाक म्हणजे दातण मी दिवसभरात केव्हाही करते. शाफई रीतीत रोजा असताना दुपार कलल्यावर मिस्वाक करणं नापसंत आहे, म्हणून जाऊ जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या आधीच दात घासून मोकळी होते. वित्रची, म्हणजे रात्रीची शेवटची नमाज मी सलग तीन रकात (नमाजेची आवर्तनं) पढते, हे लोक दोन आणि एक अशी. लग्न झालं म्हणून बाईने आपली रीत बदलावी असं बंधन नाही, आणि नवऱ्याने तसा आग्रहही कधी धरला नाही. फायदा असा झाला की माहेरी जे नुसतं बघून केलं होतं, ते सासरी प्रत्येक वेळी का करायचं हे विचारून करावं लागलं. रोजा मी लहानपणापासून धरतेय, पण नीट धरायला शिकले ती इथे.

पहिली गोष्ट वेळेची. रोजा सूर्योदयाला सुरू होत नाही, त्याच्या बऱ्याच आधी, पहाट फुटते तेव्हा सुरू होतो. कुरआनात म्हटलंय की पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, प्या. अदी बिन हातिम नावाचे पैगंबरांचे एक सहाबी, म्हणजे सोबती, ही आयत (कुरआनातलं वचन) ऐकून उशीखाली खरोखरच एक काळी आणि एक पांढरी दोरी घेऊन झोपले होते आणि रात्रभर बघत राहिले, अशी हदीस (पैगंबरांच्या वचन-वर्तनाची नोंद) आहे. पैगंबरांनी त्यांना सांगितलं की धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. मी वर्गात व्याकरण शिकवते, त्यामुळे अदी मला फार जवळचे वाटतात. माझ्या वर्गात असे चारपाच अदी दरवर्षी असतात.

आता दोरीची जागा जमातीच्या छापील वेळापत्रकाने घेतली आहे. ते आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. एका रकान्यात सेहरी म्हणजे पहाटेचं खाणं संपण्याची वेळ, दुसऱ्यात इफ्तारची म्हणजे रोजा सोडण्याची. 2025 ला रमजान 2 मार्चला सुरू झाला तेव्हा रत्नागिरीत पहाट पावणेसहाच्या आसपास फुटत होती आणि सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळत होता. महिनाअखेरीस पहाट सव्वापाचच्या घरात आली. म्हणजे सुरुवातीचा रोजा तेरा तासांचा आणि शेवटचा साडेतेराचा. वेळ गावागणिक बदलते. साताऱ्याला आई आमच्या तीनेक मिनिटं आधी खजूर तोंडात टाकते आणि नागपूरला दिलेली बहीण वीसेक मिनिटं आधी. तिचा "झाली का इफ्तारी?" असा फोन नेमका आमच्या शेवटच्या, सगळ्यात लांब वाटणाऱ्या दहा मिनिटांत येतो. हे ती मुद्दाम करते.

मोबाईलवरच्या ॲपचं एक सांगण्यासारखं आहे. भाची मुंबईहून आली होती. तिच्या ॲपमध्ये सेहरीची वेळ आमच्या तक्त्यापेक्षा बारा-तेरा मिनिटं पुढची. पोरगी निवांत चहा पीत बसलेली आणि सासूबाई ओरडतायत. भांडण ॲपचं नव्हतंच, आतल्या सेटिंगचं होतं. सूर्य क्षितिजाच्या 18 अंश खाली असताना पहाट धरायची की 15 अंश, यावर ती वेळ ठरते, आणि तीन अंशांना आपल्या अक्षांशावर साधारण तेवढीच मिनिटं लागतात. आपल्याकडच्या जमाती 18 अंश धरतात. भाचीने सेटिंग बदललं आणि तक्त्याशी वेळ जुळली. तेव्हापासून घरात नियम असा की ॲप कुणाचंही असो, शब्द तक्त्याचा. आणि सेहरी शेवटच्या मिनिटापर्यंत ताणायची नाही, पण रात्री दोनला उरकून झोपायचीही नाही. सेहरी उशिरा करणं आणि इफ्तार वेळ झाल्याबरोबर करणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत आहे. सूर्य मावळल्यावरही "अजून जरा थांबू, जास्त सवाब" म्हणत बसणारे लोक मी बघितलेत. सवाबाची, म्हणजे पुण्याची ही वाढीव रक्कम त्यांना कोण देणार होतं, देव जाणे.

शरीराचं म्हणाल तर भूक हा फारसा प्रश्न नसतोच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पोट शहाणं होतं. खरा त्रास चहाचा. मला दिवसाला चार कप लागतात, आणि पहिल्या दोन-तीन रोज्यांना दुपारी डोकं ठणकायचं, ते भुकेने नव्हे, चहा तुटल्यामुळे. आता मी शबे बरात (रमजानच्या पंधरवडाभर आधीची रात्र) झाली की चहा कमी करायला घेते. आधी दुपारचा बंद, मग अकराचा, रमजान लागेपर्यंत फक्त पहाटेचा आणि संध्याकाळचा उरतो. ही युक्ती मला कुणा मौलानाने नाही, शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितली. ते वारीला जाण्याआधी तंबाखू असाच टप्प्याटप्प्याने सोडत आणतात.

सेहरीला आमच्याकडे तांदळाची भाकरी, दही, रात्रीचं कालवण, एखादं केळं. तळलेलं आणि खारट टाळायचं, नाहीतर अकराला घसा सुकतो. सुका जवळा पहाटे खाऊन रोजा धरणाऱ्या माझ्या दिराचा मी आदर करते, अनुकरण नाही. पाणी एकदम तांब्याभर प्यायचं नाही. ते तासाभरात निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडंथोडं प्यायलेलंच दुसऱ्या दिवशी कामाला येतं. मार्चमध्ये कोकणातला दमट उकाडा सुरू झालेला असतो आणि शिक्षकाचा धंदा तोंडाचा. पाढे म्हणून घेताना, कविता चालीवर म्हणताना तोंडाला कोरड पडते. मी अवघड तास सकाळी लावून घेते आणि शेवटच्या तासाला पोरांना लिहायला बसवते. मुख्याध्यापकांना ते माहीत आहे, पोरांनाही. रमजानमध्ये शुद्धलेखन सुधारतं असा माझा अनुभव आहे.

"पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये दरवर्षी नव्याने बदली होऊन आलेल्या कुणाकडून तरी येतो. नाही, पाणीसुद्धा नाही. पण थुंकी गिळता येते. हे सांगायचं कारण असं की आमच्या गावातली लहान मुलं पहिला रोजा धरला की दिवसभर पिचपिच थुंकत हिंडतात. थुंकी गिळली तर रोजा तुटतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि मग घसा कोरडा पडून दुपारीच रडारड. विसरून काही खाल्लं, अगदी पोटभर जेवलं, तरी रोजा मोडत नाही. आठवल्या क्षणी थांबायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. अल्लाहनेच खाऊपिऊ घातलं असं समजावं, हदीस आहे. आपोआप उलटी झाली तरी रोजा शाबूत, मुद्दाम काढली तर तुटला. डोळ्यांत औषध घालता येतं. रक्त तपासायला दिलं तर चालतं. स्वयंपाकाचं मीठ जिभेच्या शेंड्यावर चाखून थुंकून टाकता येतं, गरज असेल तर. आमच्या घरी ही गरज रोज असते, कारण सासूबाईंचा हात मिठाला सैल आहे.

खरा अवघड भाग तोंडात काय जातं हा नाही, तोंडातून काय बाहेर पडतं हा आहे. जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशी बुखारी या हदीससंग्रहात हदीस आहे. दुपारी चार ते सहा या वेळेत स्वयंपाकघरात चार बायका एकत्र असतात, भजी तळली जात असतात, आणि गावातल्या कुणाच्या तरी सुनेचा विषय निघतोच. जाऊने यावर उपाय काढला. विषय निघाला की ती मोठ्याने "मला रोजा आहे" म्हणते. भांडायला आलेल्या माणसाला असंच सांगावं असं हदीसमध्येच आहे. तिने ते चुगलीला लावलं. सगळ्या हसतात आणि विषय बदलतो. नेहमी बदलतो असं नाही.

इफ्तारीत आम्ही एक शिस्त लावून घेतली आहे. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेची अजान झाली की खजूर आणि पाणी, मग नमाज, मग ताट. खजूर ओली असेल तर उत्तम, नसेल तर सुकी, तीही नसेल तर पाण्याचे घोट, असा पैगंबरांचा रिवाज होता. तहान भागली, शिरा ओल्या झाल्या, अल्लाहने इच्छिलं तर सवाब पक्का झाला, अशा अर्थाची रोजा सोडतानाची एक दुआ आहे. ती मला फार आवडते, कारण तिच्यात आधी शरीराचं सांगितलंय आणि मग सवाबाचं. नमाजेची ती दहा मिनिटं मध्ये गेली की भज्यांवर तुटून पडायची वासना निम्मी होते. शेजारच्या काकू कोकम सरबत पाठवतात आणि आमच्याकडून त्यांच्याकडे नारळाच्या दुधातलं सांदण जातं. त्यांच्या नातवाला रमजान म्हणजे सांदणाचा महिना एवढंच ठाऊक आहे.

आता बायकांचं. हे सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाळी आली की बाईने रोजा धरायचा नसतो. सवलत आहे, नको असेल तर घेऊ नका, असं हे नाही. त्या दिवसांत धरलेला रोजा होतच नाही. सकाळपासून रोजा धरलेला असेल आणि इफ्तारीला पाच मिनिटं असताना पाळी आली, तरी तो रोजा गेला. राहिलेले रोजे नंतर भरायचे, त्याला कजा म्हणतात. त्या दिवसांच्या नमाजा मात्र भरायच्या नसतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना एका बाईने हाच प्रश्न विचारला होता की रोजे भरायचे तर नमाजा का नाही, आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला तसाच हुकूम होता.

नियम स्पष्ट आहे. घरातलं वागणं तितकं स्पष्ट नाही. रोजा नसलेली बाई चोरून खाते. सेहरीला सगळ्यांबरोबर उठून बसते, दिवसभर ओठ कोरडे ठेवून फिरते, आणि दुपारी न्हाणीघरात किंवा मागच्या पडवीत उभ्याउभ्या पाव गिळते. दीर, सासरे, मोठी झालेली मुलं यांना कळू नये म्हणून. मी माझ्या माहेरीही हेच पाहिलं आणि सासरी आले तेव्हा जाऊ हेच करत होती. पाळीच्या पहिल्या दिवशी, पोटात गोळा येत असताना, तेरा तास पाणी न पिता राहायचं आणि त्याचा रोजाही धरला जात नाही! यात भक्ती कुठे आहे ते मला कधी कळलं नाही. चार लोकांत, मुद्दाम, रोजेदारांच्या समोर बसून ताट वाढून घ्यावं असं मी म्हणत नाही. पण स्वयंपाकघरात बसून शांतपणे जेवायला काय हरकत आहे? मी तसं करायला लागले. दीर एकदा पाणी प्यायला आत आला (तो तेव्हा तापाने आजारी होता), मला जेवताना बघून गडबडला आणि परत फिरला. तेवढंच. घर कोसळलं नाही. दुसऱ्या वर्षी जाऊ शेजारी ताट घेऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्या वेळी चक्कर येऊन पडायचो."

शाळेतही तेच. एक दिवस डबा उघडला तर सहकारी बाई काळजीने म्हणाल्या, "मॅडम, आज रोजा नाही? बरं नाही का?" मी म्हटलं, "सुट्टी आहे." बायांना लगेच कळलं. पुरुषांना वाटलं रोज्यालाही किरकोळ रजा असतात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन सलग महिना पुरा करणाऱ्या मैत्रिणी आहेत. डॉक्टरांना विचारून घेतल्या तर त्याला मनाई नाही. मी घेत नाही. जो हुकूम थांब म्हणतो, तो धर म्हणणाऱ्याच्याच तोंडून आलेला आहे.

कजाचा हिशेब मात्र चोख ठेवावा लागतो. माझ्याकडे त्यासाठी एक वही आहे, शाळेच्या हजेरीपटासारखी आडव्या रेघांची. पाळीचे दिवस, आणि धाकटा अंगावर पीत होता त्या रमजानचे रोजे. दूध आटायला लागलं म्हणून मी ते सोडले होते. इथे पुन्हा आमच्या दोन रीती आडव्या आल्या. हनफी रीतीत दूध पाजणाऱ्या आईने राहिलेले रोजे नंतर भरले की काम झालं. शाफई रीतीत आईने केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर रोजा भरायचा आणि वर रोज्यामागे फिदया म्हणजे भरपाई म्हणून एका गरिबाला एक मुद्द (जुनं माप) धान्यही द्यायचं. शिवाय सबळ कारण नसताना पुढचा रमजान येईपर्यंत कजा भरली नाही, तर त्याचाही फिदया लागतो. जाऊचं आणि माझं बाळंतपण वर्षाच्या फरकाने झालं. तिने रोजेही भरले आणि तांदूळही मोजला. मी फक्त रोजे भरले. "तुमच्या सातारकडचं बरंय, सगळं स्वस्तात," असं ती अजून म्हणते.

कजा भरायला मला डिसेंबर-जानेवारी बरे वाटतात. दिवस आखूड, तहान कमी. पण एकटीने पहाटे उठणं जड जातं. रमजानमध्ये अख्खं घर जागं असतं, भांड्यांचा आवाज, कुणी नळ सोडतंय, कुणी दही कुठेय विचारतंय. थंडीत आपलं आपण गुपचूप उठायचं. आणि एक लक्षात ठेवायचं: कजा रोज्याची नियत हनफींनाही रात्रीच करावी लागते, दुपारपर्यंतची मुभा तिथे नाही. म्हणजे डिसेंबरात सासूबाई आणि मी एकाच नियमात येतो. हजरत आयशा आपले राहिलेले रोजे पुढच्या शाबानात, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात भरत, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. वही शाबानपर्यंत लांबली की मी त्यांचं नाव पुढे करते.

सासूबाईंची गोष्ट 2024 ची. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. रमजानच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं की रोजे नकोत. या म्हणाल्या, धरणारच, आजवर एक सोडलेला नाही. डॉक्टरांनी मग निदान धोका कमी व्हावा म्हणून सकाळची गोळी इफ्तारवर नेली, इन्सुलिन कमी केलं, आणि मला बाजूला घेऊन दोन आकडे लिहून दिले. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की तिथल्या तिथे रोजा सोडायचा, वेळ कितीही उरलेली असो. दिवसातून चार-पाचदा बोट टोचायचं. त्याने रोजा मोडत नाही हे त्यांना पटवण्यातच पहिला दिवस गेला.

पहिल्याच आठवड्यात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेनंतर त्या मुसल्यावरून (नमाजेच्या चटईवरून) उठेनात. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मीटरवर 64.

"अम्मी, साखर घ्या."

"दोन तास राहिलेत. मगरिबला घेईन."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मोडला तर साठ रोजे कोण धरणार? तू?"

तेव्हा कळलं, हट्ट नव्हता, भीती होती. जाणूनबुजून रोजा मोडला तर लागोपाठ साठ रोज्यांचा कफ्फारा म्हणजे प्रायश्चित्त, एवढंच त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. नवऱ्याने मौलानांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. मौलाना आमच्या वयाचेच आहेत. त्यांनी विचारलं, आकडा किती? 64 म्हटल्यावर म्हणाले, "आधी साखर द्या, मसला नंतर विचारा." तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, 88. मग मौलाना घरी आले आणि ओसरीवर बसून त्यांनी सगळं समजावलं. आजारपणात मोडलेल्या रोज्याला कफ्फारा नाही. आजारी आणि प्रवासी यांनी दुसऱ्या दिवसांत भरावं हे कुरआनातच आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नकोय. थंडीत, लहान दिवसांत धरता येतील का ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर कजा भरा. कायमचंच नाही म्हटलं तर रोज्यामागे एक मुद्द धान्य. "जीव धोक्यात घालून धरलेल्या रोज्याचा सवाब नाही अम्मी, जाब आहे," असं ते म्हणाले. सासूबाई रडल्या. पटलं म्हणून की हरल्यासारखं वाटलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी थंडीतलेही नाहीच म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्यांचा रमजान असा: आमच्याबरोबर सेहरीला उठतात, चहा पितात (आमच्या नाकावर टिच्चून), फजरची, म्हणजे पहाटेची नमाज पढतात आणि मग कोठीतून पितळी मापाने तांदूळ काढतात. मुद्द हे तसं मापच. वजनात तांदळाचा हिशेब पाऊण किलोचा धरा असं मौलानांनी सांगितलेलं आहे. 2025 ला 29 रोजे झाले, म्हणजे पावणेबावीस किलो व्हायला हवे होते. महिन्याच्या शेवटी डबा तोलला तर तीस किलोच्या वर. माप शिगोशीग भरून वर पुन्हा एक मूठ टाकायची सवय. पहिल्या दिवशीच सगळा तांदूळ एकदम काढून ठेवते म्हणत होत्या, तर मौलाना म्हणाले, रमजान लागण्याआधी देऊन टाकायचा नाही, ज्या दिवसाचा त्या दिवशी किंवा नंतर. मग रोजचं माप हेच त्यांचं काम झालं, आणि ते त्या आम्हा कुणाला करू देत नाहीत.

त्याच 2024 ला धाकटा दीर कुवेतहून महिन्याच्या मध्यावर आला. तिकडे रमजान 11 मार्चला लागला होता, इथे 12 ला. इथे चांद दिसला नाही, तीस पुरे झाले, ईद 11 एप्रिलला. त्याचे एकतीस भरले. तिकडचे मित्र आदल्या दिवशी ईदचे फोटो पाठवतायत आणि हा रोजा धरून बसलाय. जिथे असाल तिथल्या लोकांबरोबर धरायचं आणि तिथल्या लोकांबरोबर सोडायचं, असा नियम. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम आहे. त्याआधी फितरा, म्हणजे ईदचं सक्तीचं दान. शाफईंकडे माणशी एक साअ, म्हणजे चार मुद्द धान्य, आणि कोकणात अर्थातच तांदूळ. माझ्या माहेरी गव्हाच्या हिशेबाने रोख देतात. नमाजेआधी ते गरिबाच्या घरी पोचलं पाहिजे, म्हणून चांदरातीला नवरा आणि दीर पिशव्या घेऊन हिंडतात आणि मी शीरखुर्म्याचा सुकामेवा चिरत बसते.

गेल्या तपासणीला मी सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांशी पुन्हा घासाघीस केली. सगळे नकोत, शुक्रवारचे तरी? डॉक्टर नाही म्हणाले. सत्ताविसावा एकच? नाही. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो, हे डॉक्टरांना आता आमच्यामुळे पाठ झालंय. ते समजुतीने म्हणाले, "थंडीत येऊ दे की रमजान, तेव्हा पुन्हा बघू." मी सांगितलं की ऐन थंडीत तो 2030 ला येणार, आणि त्या वर्षी जानेवारीतही रमजान लागेल आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा एकदा. सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या वर्षी तांदूळ दुप्पट भरून ठेवायला हवा."